एमएसची शंका आहे? ऐकून घेणारा डॉक्टर कसा शोधायचा आणि कुठल्या टेस्ट कशा करून घ्यायच्या

उजव्या पायातली चप्पल कधी निसटली मला कळलंच नाही. मागून येणाऱ्या एका मावशींनी हाक मारली, "अगं तुझी चप्पल राहिली बघ," तेव्हा खाली पाहिलं तर एक पाय अनवाणी, एप्रिलचं डांबर तापलेलं आणि तळव्याला काहीच समजत नाही. तिथून एमएस हे नाव कागदावर लिहून मिळेपर्यंत सात महिने गेले. त्या सात महिन्यांत मी काय काय चुकीच्या क्रमाने केलं ते आता कळतंय, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय. मी डॉक्टर नाही, पेशंट आहे, त्यामुळे औषधं यात सांगणार नाही, फक्त निदानापर्यंत कसं पोचायचं तेवढंच.

एमएस म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस. आपलीच रोगप्रतिकारशक्ती मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्यांच्या नसा यांच्यावरच्या मायलिन नावाच्या आवरणावर हल्ला करते, मग त्या त्या नसेतून निरोप नीट जात नाही. बहुतेक वेळा २० ते ४० वयात सुरू होतो आणि पुरुषांपेक्षा बायकांमध्ये जास्त दिसतो. आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हे मला कुणी सुरुवातीलाच सांगितलं असतं तर बरं झालं असतं: शुगर किंवा थायरॉईडसारखी एमएसची एक अशी टेस्ट नाही की केली आणि पॉझिटिव्ह आली. डॉक्टर लोक मॅकडोनाल्ड निकष वापरतात, ते २००१ मध्ये आले, २०१७ मध्ये बदलले आणि २०२४ च्या सुधारणेत पुन्हा बदलले. त्याचा गाभा असा की नुकसान एकाहून जास्त जागी झालंय का आणि एकाहून जास्त वेळा झालंय का. जागा आणि वेळ. नव्या सुधारणेत काही परिस्थितीत वेळेचा वेगळा पुरावा नसला तरी चालतो, पण तरीही तुमच्या आठवणीतली तारीख हा निदानाचाच एक भाग आहे. ती डॉक्टरांकडे नसते, मशीनकडेही नसते, फक्त तुमच्याकडे असते.

कधी अजिबात थांबायचं नाही

अचानक तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला तर तो स्ट्रोक असू शकतो, सरळ मोठ्या हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जायचं. दोन्ही पायांतली ताकद तासा-दिवसात कमी होतेय आणि लघवी अडकलीय किंवा कळत नाहीये, तरी तेच. एका डोळ्याची नजर दोन-तीन दिवसांत झपाट्याने गेली तर पुढच्या सोमवारची अपॉइंटमेंट घेऊन बसू नका, त्याच दिवशी दाखवा. बाकीचं सगळं खालच्या पद्धतीने शांतपणे करता येतं.

आधी एक पान लिहा

एकच पान. माझी वही भरली होती, "थकवा, चक्कर, मुंग्या, डोकं जड, झोप नाही" असं रोजचं, आणि ती वही एकाही डॉक्टरने उघडली नाही. उघडणार कशी, बाहेर चाळीस पेशंट बसलेले असतात. उपयोग झाला तो शेवटी केलेल्या एका पानाचा. त्यावर असं होतं: "२०१९ ऑगस्ट, डावा डोळा धूसर, डोळा फिरवला की दुखायचं, ५ आठवड्यांत बरं झालं, ताप नव्हता. २०२१ एप्रिल, उजव्या तळव्यापासून बधिरपणा, ६ दिवसांत दोन्ही पाय आणि कमरेपर्यंत, ७ आठवडे राहिला, त्या काळात जिना कठडा धरून." बस्स. कुठे, कुठल्या बाजूला, कधी सुरू झालं, किती दिवसांत वाढलं, किती दिवस टिकलं, पूर्ण गेलं की थोडं राहिलं, आणि त्यामुळे कुठलं काम अडलं.

यात एक हिशोब लक्षात ठेवा. एमएसचा अटॅक म्हणतात तो कमीत कमी २४ तास सलग टिकलेला असतो, ताप किंवा इन्फेक्शन नसताना, आणि दोन अटॅक वेगळे धरायचे तर त्यांच्या सुरुवातीत कमीत कमी ३० दिवसांचं अंतर लागतं. सेकंदभर मुंगी आली आणि गेली हे बहुधा त्यात बसत नाही. त्यामुळे लहानसहान सगळं लिहून मोठ्या दोन गोष्टी झाकू नका.

तारखा आठवत नसतील तर सण, लग्न, परीक्षा यावरून लावा, मला डोळ्याचा महिना आठवला तो गौरी-गणपतीच्या तयारीवरून. जुन्या मोबाईलमधले फोटो बघा, मेडिकलची बिलं बघा, चष्म्याच्या दुकानाची पावती सापडली तर सोनं समजा. चालताना तोल जातो तेव्हा घरच्यांना व्हिडिओ काढायला सांगा, कारण अपॉइंटमेंटच्या दिवशी आपण नेमके बरे असतो.

काही लक्षणं आपण सांगतच नाही कारण ती विचित्र वाटतात. मान खाली घातली की पाठीतून पायापर्यंत करंट गेल्यासारखं होणं, मला हे रांगोळी काढायला वाकले की व्हायचं आणि मी कुणाला बोलले नव्हते. गरम पाण्याने अंघोळ केली की किंवा मे महिन्याच्या उन्हात जुना त्रास तेवढ्यापुरता वर येणं. छाती-पोटाभोवती कुणीतरी पट्टा आवळल्यासारखं वाटणं. लघवीला अचानक धावावं लागणं. आणि रंग! कुंकवाचा करंडा आधी उजव्या डोळ्याने बघितला तर गडद लाल, मग तोच डाव्या डोळ्याने बघितला तर विटेच्या भुकटीसारखा फिका. मला वाटलं कुंकू जुनं झालंय. डोळ्याच्या नसेला सूज आल्यावर लाल रंग असा फिका पडतो, हे मला दोन वर्षांनी कळलं. ही सगळी लक्षणं नावानिशी न्यूरोलॉजीच्या पुस्तकात आहेत, डॉक्टर हसणार नाहीत, उलट कान टवकारतील.

पहिला डॉक्टर कोण

थेट मोठ्या न्यूरोलॉजिस्टकडे जायला हरकत नाही, पण आधी एमडी फिजिशियन किंवा चांगल्या फॅमिली डॉक्टरकडून सुरुवात केली तर बेसिक रक्ततपासण्या होऊन जातात आणि एक चिठ्ठी मिळते. इथे एकच सावधगिरी, आणि ती मी चुकले: बी१२ ची लेव्हल तपासायला रक्त दिल्याशिवाय बी१२ ची इंजेक्शनं सुरू करू नका. आपल्याकडे, विशेषतः शाकाहारी घरांत, बी१२ कमी असणं खूप कॉमन आहे आणि त्यानेही हातपाय बधिर होतात, तोल जातो, म्हणजे हुबेहूब एमएससारखं. मला पहिल्याच दिवशी इंजेक्शन टोचलं, आणि नंतर लेव्हल केली तर भरमसाट आली, मग ती आधी कमी होती की नव्हती हे कायमचं अंधारात राहिलं.

डोळ्याचा त्रास झाला असेल किंवा पूर्वी होऊन गेला असेल तर डोळ्यांच्या डॉक्टरांकडेही जा, पण नंबर काढणाऱ्याकडे नाही, ऑफ्थॅल्मॉलॉजिस्टकडे. त्यांना म्हणा बाहुल्यांची प्रतिक्रिया, रंगदृष्टी आणि ओसीटी बघा. ओसीटीत डोळ्याच्या पडद्यातल्या नसांच्या थराची जाडी मोजतात, काही मिनिटांची टेस्ट, दुखत नाही, आणि वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या सुजेची खूणही त्यात सापडू शकते.

आणि मानेचा पट्टा. एमआरआय न करता नुसत्या एक्स-रेवर मणक्याची झीज सांगून मला दोन महिने पट्टा लावायला लावला. झीज एक्स-रेत बऱ्याच जणांना दिसते, म्हणून तेच कारण असतं असं नाही.

न्यूरोलॉजिस्ट शोधताना

पाटीवर डीएम न्यूरोलॉजी किंवा डीएनबी न्यूरोलॉजी बघा. न्यूरोसर्जन वेगळे, ते ऑपरेशन करतात. "मेंदूचे डॉक्टर" म्हटलं की आपल्याकडे घरचे सायकियाट्रिस्टचं नाव सांगतात, तेही वेगळे. शक्य असेल तर एमएसचे पेशंट नियमित बघणारे डॉक्टर शोधा, आणि हे कळायचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे पेशंट. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था १९८५ पासून आहे, मुंबई आणि पुण्यात त्यांचे चॅप्टर आहेत, निदान व्हायच्या आधीसुद्धा फोन करून विचारता येतं की आमच्या भागातून लोक कुणाकडे जातात.

पैशाची अडचण असेल तर सरकारी आणि महापालिकेची मेडिकल कॉलेजं कमी समजू नका. मुंबईत केईएम, नायर, सायन, जेजे, नागपूरला मेडिकलचं सुपर स्पेशालिटी, गोव्यात बांबोळी, सगळीकडे न्यूरोलॉजी विभाग आहे. कोल्हापूर-बेळगाव-गोव्याकडच्या लोकांना बंगळुरूचं निम्हान्सही तितकं लांब नाही. तिथे गर्दी असते, न्यूरोलॉजीची ओपीडी ठरावीक वारीच असते, केसपेपरसाठी सकाळी लवकर उभं राहावं लागतं, तेव्हा आधी वार विचारून घ्या. पण तिथले रेसिडेंट डॉक्टर अर्धा-अर्धा तास हिस्टरी घेतात, तेवढा वेळ कितीतरी प्रायव्हेट क्लिनिकमध्ये मिळत नाही.

साथ देणारा डॉक्टर म्हणजे गोड बोलणारा असं मला आधी वाटायचं. आता वाटतं की ओळखायच्या खुणा वेगळ्याच आहेत. तो तुम्हाला टेबलावर झोपवून तपासतो का? हातोडीने गुडघे ठोकणं, ट्यूनिंग फोर्क घोट्यावर ठेवून कंप कळतो का विचारणं, किल्लीसारख्या वस्तूने तळव्यावर रेघ ओढणं, डोळे मिटून उभं करणं, एका रेषेत चालायला लावणं. हे सगळं दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे आणि त्याशिवाय नुसता एमआरआय बघून निदान करणारा किंवा निदान नाकारणारा डॉक्टर असेल तर मी दुसरीकडे जाईन. म्हणूनच पहिली भेट व्हिडिओ कॉलवर नको. दुसरी खूण, तो मागचं विचारतो का. माझे तिसरे डॉक्टर कमी बोलणारे होते, जरा तुसडेच वाटले, पण पाय तपासता तपासता त्यांनी विचारलं, "याआधी कधी डोळ्याला काही झालं होतं?" मी म्हटलं हो पण ते तर चष्म्याचं होतं. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, परत पहिल्यापासून सांगा. दीड-पावणेदोन वर्षांचं अंतर असलेल्या दोन गोष्टी त्या एका प्रश्नाने जोडल्या गेल्या.

केबिनमध्ये काय बोलायचं

पहिल्याच वाक्यात "मी गूगलवर वाचलं मला एमएस आहे" असं म्हणू नका, त्याने संवाद बिघडतो. पान पुढे ठेवा आणि म्हणा, "डॉक्टर, दोन वेगळ्या वेळी दोन वेगळे त्रास झालेत, तारखा लिहून आणल्यात, हे एकमेकांशी जोडलेले असू शकतील का?" एमएस हा शब्द नंतर काढा, आणि काढाच, मनात ठेवून घरी येऊ नका.

"टेन्शन घेऊ नका", "लग्न झालं की होईल ठीक", "बाळंतपणानंतर असं होतंच" हे ऐकायला मिळतं, बायकांना तर हमखास. भांडू नका, रडू आलं तरी चालेल पण उठून येऊ नका. विचारा, "ठीक आहे डॉक्टर, पण टेन्शनशिवाय दुसरं कारण नाही हे आपण कसं तपासणार?" आणि तरीही टेस्टची गरज नाही म्हणाले तर नम्रपणे सांगा, "मग तपासणीत काय सापडलं आणि टेस्ट का नको ते केसपेपरवर लिहून द्याल का?" लिहायची वेळ आली की बरेचदा विचार पुन्हा होतो, आणि नाही झाला तरी तो कागद पुढच्या डॉक्टरला उपयोगी पडतो.

सोबत एक माणूस न्या, असा की जो तुमच्या वतीने बोलत सुटणार नाही. माझ्यासोबत माझी वहिनी यायची, ती फक्त लिहून घ्यायची आणि शेवटी एकच वाक्य बोलायची, "हिला मी जिन्यात पडताना बघितलंय." त्या वाक्याचं वजन माझ्या दहा वाक्यांपेक्षा जास्त पडायचं.

मात्र एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगते. सगळं तपासून डॉक्टर म्हणाले की एमएस नाही, तर तेही खरं असू शकतं. मायग्रेनमध्ये, बीपीमध्ये, वयानुसार मेंदूत पांढरे ठिपके दिसतात आणि त्यावरून चुकून एमएस ठरवून वर्षानुवर्षं औषधं दिल्याची उदाहरणं जगभर आहेत. फंक्शनल न्यूरोलॉजिकल डिसऑर्डर, म्हणजे नसांना इजा नसते पण त्यांचं काम बिघडतं, हेही खरं निदान आहे, नाटक नाही, त्यालाही उपचार आहेत. आपल्याला हवंय ते बरोबर निदान.

एमआरआय

सगळ्यात मोठी टेस्ट हीच. चिठ्ठीवर नुसतं "ब्रेन प्लेन" लिहिलं असेल तर तिथेच विचारा की मान आणि पाठीचा मणका आणि कॉन्ट्रास्ट एकाच वेळी करून घेऊ का, कारण नंतर परत बुकिंग, परत भाडं, परत रजा. चिठ्ठीवर डिमायलिनेशनची (मायलिनचं आवरण खराब होण्याची) शंका आहे असं स्पष्ट लिहिलेलं असलं की सेंटरवाले त्या पद्धतीचे सिक्वेन्स घेतात. ३ टेस्लाचं मशीन मिळालं तर उत्तम, नाही तर १.५ टेस्लाही चालतं, त्यासाठी महिनाभर थांबू नका. दर सेंटरगणिक खूप बदलतात, तीन ठिकाणी फोन करा, महापालिकेच्या हॉस्पिटलात बरंच स्वस्त पडतं पण नंबर लागायला वेळ जातो.

कॉन्ट्रास्ट म्हणजे गॅडोलिनियमचं इंजेक्शन, त्याने नवा, पेटलेला डाग उजळतो आणि जुना उजळत नाही, म्हणजे एकाच स्कॅनमध्ये वेळेचा पुरावा मिळू शकतो. त्याआधी क्रिएटिनिनचा (किडनीचं काम बघायचा) रिपोर्ट मागतात, तो आदल्या दिवशी करून ठेवा. प्रेग्नंट असाल किंवा शक्यता असेल तर आधी सांगायचं, पेसमेकर, कॉपर टी, रॉड, क्लिप काहीही शरीरात असेल तेही सांगायचं.

मंगळसूत्र, बांगड्या, हेअरपिना, जरीचे कपडे, सगळं काढावं लागतं. माझी जोडवी निघेनात, पाय सुजलेले, शेवटी तिथल्या आयाबाईंनी बेसिनपाशी बसवून साबण लावून पाच मिनिटं हळूहळू फिरवत काढली आणि रुमालात बांधून वहिनीच्या हातात दिली. घरूनच काढून जा. ब्रेन आणि पूर्ण मणका मिळून तास-दीड तास सहज लागतो, आवाज जोरात येतो, ठकठक आणि मग भोंग्यासारखा. हातात एक रबरी फुगा देतात, दाबला की ते थांबतात. बंद जागेची भीती वाटत असेल तर आधीच डॉक्टरांना सांगा, सौम्य गोळी देतात. डोळे आत जायच्या आधीच मिटून घ्या आणि बाहेर येईपर्यंत उघडू नका, मला याचा सगळ्यात जास्त फायदा झाला.

येताना फिल्मवर समाधान मानू नका, सीडी किंवा डिजिटल लिंक मागून घ्या. पुढचा प्रत्येक डॉक्टर मूळ इमेज मागणार आहे.

रक्ताच्या टेस्ट

यात एमएस सापडत नाही, एमएससारखं दिसणारं दुसरं काही नाही ना ते बघतात. बी१२, थायरॉईड, व्हिटॅमिन डी, एएनए (ल्युपससारख्या आजारांसाठी), एचआयव्ही, व्हीडीआरएल (सिफिलिससाठी) अशी यादी साधारण असते. आपल्याकडे टीबीचाही विचार करावाच लागतो, मेंदूत आणि मणक्यात टीबी होतो. दोन टेस्टबद्दल मात्र आवर्जून विचारा, अ‍ॅक्वापोरिन-४ आणि मॉग अँटीबॉडी. यातल्या पहिलीत सापडणारा एनएमओ नावाचा आजार एमएसचा जुळा वाटावा इतका सारखा दिसतो, विशेषतः डोळा किंवा मज्जारज्जूचा लांबलचक भाग धरलेला असेल तर, आणि एमएसची काही औषधं एनएमओमध्ये त्रास वाढवतात. ही टेस्ट 'सेल-बेस्ड अॅसे' म्हणजे पेशी वापरून करायच्या पद्धतीने झालेली चांगली, आणि शक्य असेल तर रक्त स्टिरॉईड सुरू व्हायच्या आधी दिलेलं चांगलं.

स्टिरॉईडवरून आठवलं, मेडिकलवाल्याकडून आणून स्वतःच्या मनाने स्टिरॉईड घेऊ नका. तात्पुरतं बरं वाटतं आणि एमआरआयमधला उजळणारा डाग झाकला जाऊ शकतो, वर आत टीबी किंवा दुसरं इन्फेक्शन असेल तर ते भडकतं.

पाठीतलं पाणी आणि डोळ्यांची व्हीईपी

"पाठीतून पाणी काढलं की माणूस लुळा होतो" हे मला कमीत कमी सहा जणांनी सांगितलं. खरं काय तर मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच, पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपते आणि सुई त्याच्या खाली घालतात. कुशीवर गुडघे पोटाशी घेऊन झोपवतात, भुलीचं इंजेक्शन चुरचुरतं, मग दाब जाणवतो. साधारण दोन चमचे पाणी काढतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगायचं. काही जणांना नंतर उठून बसलं की डोकं दुखतं आणि आडवं झालं की थांबतं, पाणी आणि चहा-कॉफी भरपूर घ्या, दोन-तीन दिवसांत नाही थांबलं किंवा ताप आला तर कळवा.

यात ऑलिगोक्लोनल बँड (पाठीतल्या पाण्यातल्या अँटीबॉडीच्या पट्ट्या) बघतात, आणि त्यासाठी त्याच वेळी हाताचं रक्तही पाठवावं लागतं, दोन्हीची तुलना असते. माझं पहिल्यांदा रक्त घ्यायचंच राहिलं होतं, नशीब वहिनीने तिथेच विचारलं. बँड मिळाले तर निदानाला मोठा आधार, नाही मिळाले म्हणून एमएस नाही असं होत नाही. प्रत्येकाला ही टेस्ट लागतेच असंही नाही.

व्हीईपी सोपी. बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-पांढरे चौकोन स्क्रीनवर उलटसुलट होतात, डोक्याला वायरी लावतात, नजरेचा निरोप मेंदूत पोचायला किती वेळ लागला ते मोजतात. केस धुवून जा, तेल लावू नका, चष्मा न्या.

रिपोर्ट आल्यावर

रात्री अकराला एकटीने रिपोर्ट उघडून प्रत्येक शब्द शोधत बसू नका. रेडिओलॉजिस्टचं मत हे अर्धं, तुम्हाला हाताने तपासलेल्या डॉक्टरने इमेज बघून सांगितलेलं ते पूर्ण. विचारा: डाग कुठे कुठे आहेत, मणक्यात आहेत का, कॉन्ट्रास्टने उजळलेत का, जागा आणि वेळ दोन्ही बसतात का, दुसरं काय असू शकतं.

सेकंड ओपिनियन घेणं हा तुमचा हक्क आहे, चोरून घ्यायची गोष्ट नाही. हॉस्पिटलमधले तुमचे रेकॉर्ड लेखी मागितल्यावर ७२ तासांत द्यायचे असा मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमावलीतच नियम आहे, अर्जाची पोच घ्या. अ‍ॅडमिट होऊन टेस्ट झाल्या असतील तर आधीची एमआरआयची बिलं मेडिक्लेममध्ये बसतात का ते टीपीएला (विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या संस्थेला) विचारा, बऱ्याच पॉलिसीत अ‍ॅडमिशनच्या आधीच्या ३० दिवसांचा खर्च मिळतो. आणि निदान पक्कं झालं तर २०१६ च्या दिव्यांग कायद्यात एमएसचं नाव आहे, यूडीआयडी कार्डसाठी (दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी) अर्ज करता येतो, त्याचा विचार नंतर सावकाश करा.

बऱ्याच जणांना पहिल्या फेरीत उत्तर मिळत नाही. एकच अटॅक, एक-दोन डाग, डॉक्टर म्हणतात थांबून बघू. "बघू" वर घरी येऊ नका, तारीख घेऊन या: पुढचा एमआरआय कधी, तीन महिन्यांनी की सहा, आणि मध्ये काय झालं तर लगेच फोन करायचा, कुणाला, कुठल्या नंबरवर. ती तारीख मी कॅलेंडरवर लाल पेनाने लिहिली होती, आणि त्याच चौकोनात आईने तिच्या अक्षरात "उपाशी पोटी का ते विचारणे" असं लिहून ठेवलं होतं.